पिरोतचा टायर नेमका कुणाचा?

मागच्या ऑक्टोबरात भाच्याने जर्मनीहून एक फोटो पाठवला. तिकडे थंडी पडायच्या आत गाडीचे उन्हाळी टायर उतरवून हिवाळी टायर चढवावे लागतात. त्याने त्यातल्या त्यात स्वस्त म्हणून कोर्मोरान नावाचे चार टायर घेतले. दुकानदाराने सांगितलं, पोलंडचा ब्रँड आहे. घरी येऊन टायरच्या बाजूवरची अक्षरं वाचली, तर तिथे ‘मेड इन सर्बिया’. फोटोखाली त्याने लिहिलं होतं, “मामा, नाव पोलंडचं, बनलाय सर्बियात, आणि नेटवर शोधलं तर मालक मिशेलिन, म्हणजे फ्रेंच. मला फसवलं का?”

फसवलं नव्हतं. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण त्या एकाच टायरवर कशा जमल्या, हे फोनवर पाच मिनिटांत सांगता येईना, म्हणून हा लेख.

आधी टायरकडेच बघू, कारण तो बराच बोलका असतो. बाजूच्या भिंतीवर ‘डॉट’ ही तीन इंग्रजी अक्षरं असतील, तर त्यांच्या पुढची पहिली दोन-तीन अक्षरं म्हणजे कारखान्याची खूण. जगातल्या प्रत्येक टायर कारखान्याची खूण वेगळी. त्याच ओळीतले शेवटचे चार आकडे म्हणजे तारीख: ‘३२२४’ असेल तर टायर २०२४ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात साच्यातून निघाला. (जुना साठा नवा म्हणून गळ्यात मारला जातो, त्यामुळे हे आकडे आपल्याकडेही बघूनच टायर घ्यावा.) शेजारी एका वर्तुळात इंग्रजी ‘ई’ आणि एक आकडा असतो. तो आकडा टायरला मंजुरी देणाऱ्या देशाचा. फ्रान्सचा २, सर्बियाचा १०. टायर कुठे बनला याच्याशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे सर्बियात बनलेल्या टायरवर दुसऱ्याच देशाचा आकडा असू शकतो. म्हणजे नाव, जागा, मंजुरी, वय, सगळं टायरच्या अंगावर कोरलेलं. लिहिलेला नसतो तो फक्त मालक.

तो शोधायला पिरोतला जावं लागतं.

पिरोत हे सर्बियाच्या आग्नेय टोकाला, निशावा नदीकाठी, बल्गेरियाच्या सीमेजवळ वसलेलं गाव. आजूबाजूची खेडी धरून लोकसंख्या सुमारे ५० हजार. सर्बियात हे गाव हातमागावरच्या गालिच्यांसाठी ओळखलं जातं. मेंढीच्या दुधाच्या चीजसाठी आणि चपटं करून सुकवलेल्या सॉसेजसाठीही. आणि पिरोतची माणसं पै-पै जपणारी, अशी त्यांची देशभर ख्याती. अशा गावात १९३५ साली दिमित्रिये म्लादेनोविच यांनी रबरी पादत्राणांचा कारखाना काढला. पुढे त्याचं नाव झालं ‘तिगर’. सर्बियन भाषेत तिगर म्हणजे वाघ. टायर बनू लागले ते बऱ्याच उशिरा, १९५९ मध्ये. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेच्या बीएफ गुडरिच कंपनीकडून तंत्रज्ञान घेऊन पिरोत आधुनिक टायरकडे वळलं. हे गुडरिचचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या काळी कारखान्याचा मालक कोण होता? इथे आपल्या डोळ्यांसमोर लगेच ‘सरकारी कारखाना’ येतो, पण युगोस्लाव्हियातला प्रकार वेगळा होता. तिथे कारखाना ना सरकारच्या नावावर असायचा, ना शेठच्या. तो ‘सामाजिक मालकी’चा. १९५० च्या कायद्यापासून कामगारांनी निवडलेलं मंडळ कारभार बघायचं. आपल्या सहकारी साखर कारखान्याची आठवण होते, पण एक मोठा फरक आहे. आपल्याकडे सभासदाच्या हातात शेअरचा कागद असतो. तिथे कागदच नव्हता. सगळ्यांचं होतं आणि कुणाच्याच नावावर नव्हतं. वर्षं बरी होती तोवर याने काही बिघडलं नाही. वाईट वर्षं आली तेव्हा एक अडचण उघडी पडली: भांडवल ओतायला ज्याला हक्काने बोलवावं, असा मालकच नव्हता.

आणि वर्षं फारच वाईट आली. युगोस्लाव्हिया फुटला. मे १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध घातले. टायरच्या कारखान्याला याचा अर्थ काय, हे समजून घ्यायला हवं. नैसर्गिक रबर युरोपात उगवतच नाही, ते आग्नेय आशियातून किंवा आफ्रिकेतून यावं लागतं. म्हणजे एका बाजूने कच्चा माल बंद, दुसऱ्या बाजूने निर्यात बंद. त्यात महागाई अशी भडकली की १९९३ मध्ये ५०० अब्ज दिनारची नोट छापावी लागली. योव्हान योव्हानोविच ज्माय या कवीचं चित्र होतं त्या नोटेवर. पगाराची किंमत दीड-दोन दिवसांत निम्मी व्हायची. निर्बंध सैल झाले, जरा श्वास घेतला, तोच १९९९ मध्ये नाटोची ७८ दिवसांची बॉम्बफेक. त्या दहा वर्षांत पश्चिम युरोपातले टायर कारखाने कुठल्या कुठे गेले आणि पिरोत जिथल्या तिथे राहिलं.

मग कर्ज काढून नवी यंत्रं घेऊन स्वतःच का नाही उभं राहायचं? हा प्रश्न कुणालाही पडेल. उत्तर टायर कसा बनतो यात आहे.

रबर, काजळी, सिलिका, गंधक, तेलं हे सगळं एका प्रचंड मिक्सरमध्ये मळतात. चपातीच्या पिठासारखंच, प्रमाण जरा चुकलं की पुढे सगळं चुकतं. त्या मळलेल्या रबराच्या पट्ट्या काढायच्या, पोलादी तारांचं आणि धाग्यांचं कापड रबराने मढवून घ्यायचं, रिमला घट्ट बसणारी तारेची कडी वळायची, आणि हे थर फिरत्या ढोलावर एकावर एक चढवायचे. जे तयार होतं त्याला म्हणतात कच्चा टायर. तो बघितला तर टायर वाटणारही नाही: नक्षी नाही, अक्षरं नाहीत, नुसता काळा, गुळगुळीत, पोकळ पिंपासारखा आकार. तो साच्यात ठेवून, आतून दाब देऊन, दीडशे अंशांच्या वर दहा-पंधरा मिनिटं भाजतात. गंधकाने रबराचे धागे एकमेकांत बांधले जातात. साचा उघडला की नक्षी, नाव, डॉट क्रमांक, सगळं एकदमच उमटलेलं असतं. भाच्याने वाचलेली अक्षरं तिथे जन्मली.

आता खर्चाचं बघा. प्रत्येक मापाला आणि प्रत्येक नक्षीला वेगळा साचा. गाड्यांची मापं तर दरवर्षी वाढतायत. एका मापाचे लाखो टायर विकले गेले तरच साचा परवडतो, आणि लाखो विकायला बाजार आधी हातात हवा. शिवाय रेडियल टायर ही मिशेलिनची १९४६ ची देणगी. त्यात रबराच्या मिश्रणाची गुपितं पिढ्यान्‌पिढ्या साठवलेली असतात, ती यंत्रासोबत विकत मिळत नाहीत. २०१२ पासून युरोपात प्रत्येक टायरवर लेबल लावावं लागतं: ओल्या रस्त्यावर पकड किती, इंधन किती खातो, आवाज किती. बाजारात पाय ठेवायचा तर या परीक्षेत पास व्हायलाच हवं. पिरोतकडे कुशल हात होते. साचे, संशोधन आणि गिऱ्हाईक या तिन्ही गोष्टी नव्हत्या. बँकेचं कर्ज त्यातली पहिली देऊ शकलं असतं, उरलेल्या दोन नाही.

म्हणून मिशेलिन. बोलणी आणि सहकार्य १९९७ च्या सुमारास सुरू झालं, आणि २००२ मध्ये दोघांची भागीदारीतली कंपनी उभी राहिली. व्यवहाराची रचना नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण ‘कंपनी विकली’ या दोन शब्दांत ती मावत नाही. तिगर ही मोठी कंपनी. तिच्या पोटात टायर होते, रबरी बूट होते, औद्योगिक रबराच्या वस्तू होत्या, चिकटवण्याचं रसायन होतं. त्यातला फक्त टायरचा भाग वेगळा काढून नव्या कंपनीत घातला. तिच्यात मिशेलिनचा वाटा मोठा, जुन्या तिगरचा लहान. पुढच्या वर्षांत जुनी तिगर आपला वाटा टप्प्याटप्प्याने मिशेलिनला विकत गेली, आणि २०१० च्या आसपास टायरची कंपनी पूर्णपणे मिशेलिनची झाली. तिचं नाव ‘तिगर टायर्स’. बूट आणि बाकीचं राहिलं जुन्या तिगरकडे.

आणि गुडरिच? त्या कंपनीचा टायरचा धंदा मिशेलिनने १९९० मध्येच घेतला होता. म्हणजे ज्यांच्याकडून पिरोत एकेकाळी टायर बनवायला शिकलं, त्यांचा मालक आता पिरोतचाही मालक.

इथे भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर सापडतं. मिशेलिनने त्याच दशकात शेजारचेही कारखाने घेतले होते. १९९५ मध्ये पोलंडचा स्टोमिल ओल्श्तिन, त्यांचं नाव कोर्मोरान. १९९६ मध्ये हंगेरीचा तौरुस. जपानी रिकेन हे नावही त्यांच्याकडेच आहे. ही सगळी नावं गिऱ्हाइकाच्या मनात आधीपासून होती, ती टाकून देणं म्हणजे पैसा फेकणं. मग मिशेलिनने पायऱ्या आखल्या. वरच्या पायरीवर स्वतःचं नाव. मधल्या पायरीवर बीएफ गुडरिच, क्लेबर. खालच्या पायरीवर तिगर, कोर्मोरान, रिकेन, तौरुस. वरची पायरी महाग. खालची पायरी ज्याला स्वस्त पण धड टायर हवाय त्याच्यासाठी, नाहीतर तो चिनी टायरकडे जाणार. खालच्या पायरीवरच्या बऱ्याच नावांचे टायर आता पिरोतमध्ये बनतात. एकाच कारखान्यात सकाळी सर्बियन वाघाचा साचा चढतो आणि दुपारी पोलिश कोर्मोरानचा. पूर्वी एकमेकांशी स्पर्धा करणारी नावं, आता शेजारशेजारच्या प्रेसमध्ये भाजली जातात.

भोसरीत किंवा अंबडला एमआयडीसीत जॉबवर्क करणाऱ्या माणसाला हे पटकन कळेल. माल कुठला बनवायचा, किती, कुठल्या मापाचा, हे वरून ठरून येतं. फरक इतकाच की जॉबवर्क करणारा निदान आपल्या शेडचा मालक असतो.

आता मुख्य मुद्द्याकडे. परदेशी मालक आला तर पैसा जातो कुठे?

पिरोतच्या कारखान्यात तीन हजारांहून जास्त माणसं काम करतात. पन्नास हजारांच्या वस्तीत तीन हजार म्हणजे जवळजवळ प्रत्येक गल्लीत कुणीतरी तिथे आहे. सर्बियाच्या मोठ्या निर्यातदारांच्या यादीत या कंपनीचं नाव वर्षानुवर्षं असतं, आणि हे स्थान तिने कमावलेलं आहे. पण निर्यातीचा आकडा वाचताना थोडं थांबावं असं मला मनापासून वाटतं. टायर १०० रुपयांना देशाबाहेर गेला, तर १०० रुपये देशात आले असं नसतं. रबर बाहेरून आलेलं, पोलादी तार बाहेरून, रसायनं बहुतांशी बाहेरून. देशात उरतात ते पगार, वीज आणि गॅसची बिलं, ट्रकवाल्यांचं भाडं, दुरुस्तीची कामं आणि कर. पिरोतमध्ये ‘मुक्त क्षेत्र’ आहे, म्हणजे कच्चा माल सीमाशुल्क न भरता आत आणायचा आणि पक्का माल बाहेर पाठवायचा. त्याने कारखाना टिकतो, पण बाहेरून आलेल्या मालावर सरकारच्या तिजोरीत पडणारं काही नाही.

नफ्याचं गणित आणखी नाजूक. पिरोतचा कारखाना टायर दुकानदाराला विकत नाही, आपल्याच समूहातल्या दुसऱ्या कंपनीला देतो. म्हणजे विकणारा आणि घेणारा एकाच घरातले. मग टायरची किंमत काय लावायची? जास्त लावली तर नफा सर्बियात दिसेल आणि तिथे १५ टक्के कर पडेल. कमी लावली तर तोच नफा दुसऱ्या देशात दिसेल. म्हणून सर्बियासकट बहुतेक देशांचा कायदा सांगतो की घरातल्या घरात विकतानाही बाहेरच्या गिऱ्हाइकाला जी किंमत लावली असती तीच लावा, आणि कशी लावली याचे कागद द्या. ऐकायला सोपं आहे. पण ज्या टायरला बाहेरचं गिऱ्हाईकच नाही, त्याची बाहेरची किंमत ठरवायची कशी? जगभरातल्या कर अधिकाऱ्यांचं निम्मं आयुष्य याच प्रश्नात जातं.

आणि निर्णय. तो क्लेर्मों-फेराँमध्ये होतो, मिशेलिनच्या मुख्यालयात. लोक म्हणतात, परका मालक उद्या कारखाना उचलून दुसरीकडे नेईल. भीती खोटी नाही. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये मिशेलिनने बंद करायचे जाहीर केलेले दोन कारखाने फ्रान्समधले होते, शोले आणि वान गावचे, मिळून बाराशेच्या वर कामगारांचे. मालक आपल्या देशाचा असला म्हणून कारखाना वाचतोच असं नाही. तो वाचतो त्या गावात टायर बनवणं परवडतंय तोवर. पिरोतला आज परवडतं, कारण युरोपचा बाजार ट्रकने काही तासांवर आहे आणि पगार फ्रान्सपेक्षा बराच कमी. टायर ही पोकळ वस्तू, जहाजातून दूर पाठवायची तर अर्धी हवाच वाहून न्यावी लागते, म्हणून जवळचा कारखाना उपयोगी पडतो. पण पगार कमी असणं हा पिरोतच्या माणसाचा फायदा नाही, मालकाचा आहे. पगार वाढावेत ही कामगारांची मागणी आणि पगार कमी म्हणून काम मिळतंय ही वस्तुस्थिती, या दोहोंच्या मध्ये ते गाव जगतंय. हे लिहिताना मला सोपं उत्तर सापडलेलं नाही.

सर्बियात टायरचे परदेशी मालक आता बरेच आहेत, आणि प्रत्येकाची वाट वेगळी. क्रुशेवात्समधल्या त्रायाल या कंपनीचा टायर विभाग २०१२ च्या सुमारास अमेरिकेच्या कूपरने घेतला, आणि २०२१ मध्ये खुद्द कूपरलाच गुडइयरने घेतलं. कामगार तेच, दारावरची पाटी बदलली. इंजियामध्ये जपानच्या टोयो टायरने नवा कारखाना बांधून २०२२ मध्ये सुरू केला. आणि झ्रेन्यानिनमध्ये चीनची लिंगलाँग. तिथे सरकारने जमीन फुकट दिली, वर सुमारे ७.५ कोटी युरोंची मदत. त्या बांधकामावर नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ५०० व्हिएतनामी मजूर अत्यंत वाईट अवस्थेत राहत असल्याचं पत्रकारांनी आणि स्वयंसेवी संस्थांनी उघड केलं. त्यांचे पासपोर्ट काढून घेतल्याचे आरोप झाले. ते कंत्राटदाराचे मजूर, असं कंपनीचं म्हणणं होतं. डिसेंबर २०२१ मध्ये युरोपीय संसदेने यावर ठराव केला. त्यामुळे ‘परदेशी गुंतवणूक’ असा एकच शब्द वापरून पिरोत आणि झ्रेन्यानिन एका पारड्यात टाकू नयेत. पिरोतमध्ये चालू कारखाना आणि कसबी माणसं आधीपासून होती, मालक नंतर आला. झ्रेन्यानिनमध्ये मोकळं रान होतं.

वाट उलटीही फिरते. स्मेदेरेव्होचा पोलाद कारखाना अमेरिकी यूएस स्टीलने घेतला होता. तोटा वाढला तेव्हा २०१२ मध्ये त्यांनी तो सर्बियाच्या सरकारला एका डॉलरला परत देऊन टाकला. चार वर्षांनी तो चिनी कंपनीने घेतला. टायरमधलं उलट्या वाटेचं उदाहरण तर मुंबईचंच आहे. सिएट हे नाव इटलीतल्या तुरिनच्या कंपनीचं. ती १९५८ मध्ये भारतात आली, भांडुपला टायर बनू लागले, आणि १९८२ मध्ये आरपीजी समूहाने ती घेतली. त्याच सिएटने २०२४ च्या अखेरीस मिशेलिनकडून कॅम्सो हा ब्रँड आणि श्रीलंकेतले त्याचे दोन कारखाने घ्यायचा करार केला. म्हणजे श्रीलंकेतल्या एखाद्या कामगारासाठी आता मुंबई हेच क्लेर्मों-फेराँ.

राहिली जुनी तिगर, बुटांची. तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय पिरोतची गोष्ट पुरी होत नाही. टायरमधला वाटा विकून पैसा आला, बुटांच्या उत्पादनात गुंतवणूक झाली, कर्ज काढलं गेलं, आणि ती कंपनी कर्जात रुतली. मालकी स्थानिक होती, नाव जुनं होतं, १९३५ चा मूळ धंदा तिच्याकडे होता, पण मागे बाजार नव्हता. एका गावात दोन वाघ होते. गहाण पडला तो घरचा.

भाच्याला मी शेवटी एवढंच कळवलं: टायर चांगला आहे, बाजूवर डोंगर आणि हिमकणाची खूण आहे ना, तेवढी बघ. ती नसेल तर जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी टायर म्हणून चालत नाही. त्याचं उत्तर आलं, “आहे मामा. आणि तारीख ३२२४.” म्हणजे ऑगस्टातला. पिरोतमध्ये तेव्हा मिरच्या भाजायचे दिवस जवळ आलेले असतात.